टीमची जर्सी आपण घालावी का?

मागच्या दोन पोस्ट कापसाच्या तंतूत पाणी कसं शिरतं आणि कसं बाहेर पडतं यावर होत्या, कारण माझं पीएचडीचं काम त्यावरच चालू आहे. आज विषय कपड्याचाच आहे, पण जरा इतिहासाच्या वाटेनं जाऊ. याला कारणीभूत आमचा रविवारचा सायकल ग्रुप.

झालं असं. आम्ही सात-आठ जण दर रविवारी पहाटे परभणीहून गंगाखेड रोडला निघतो. त्यातल्या एका दादांनी युरोपातल्या एका प्रोफेशनल टीमची जर्सी ऑनलाइन मागवली. अगदी हुबेहूब. छाती, पाठ आणि बाह्या मिळून नऊ कंपन्यांची नावं. टपरीवर चहा घेताना आमच्यातल्या निवृत्त सरांनी शांतपणे विचारलं, "दादा, हे लोक पगार किती देतात तुम्हाला?" सगळे हसले, दादा चिडले आणि अर्धा तास वाद रंगला. दादांचं म्हणणं, गल्लीत क्रिकेट खेळणारी पोरं निळी जर्सी घालतातच की, त्यांना कोण विचारतं? सरांचं म्हणणं, जे कमावलं नाही ते अंगावर मिरवू नये. शेवटी दोघंही माझ्याकडे वळले. "ताई, तुम्ही कपड्यावरच पीएचडी करायलात ना? मग तुम्हीच सांगा."

मी वाचून सांगते म्हणाले. वाचलं, आणि लक्षात आलं की हा प्रश्न सायकलइतकाच जुना आहे.

जर्सी आली कुठून?

सुरुवातीचे शर्यतवाले लोकरीचे घट्ट स्वेटर घालायचे. उन्हाळ्यात लोकर ऐकून आपल्याला घाम फुटतो, पण त्यामागे कारण होतं. नेहमीच्या प्रमाणित हवेत लोकर स्वतःच्या वजनाच्या साधारण १६ टक्के ओल धरून ठेवते, कापूस साधारण साडेआठ टक्के आणि पॉलिस्टर अर्ध्या टक्क्याहूनही कमी. लोकर ओली झाली तरी अंगाला थंडगार चिकटत नाही. डोंगरातून खाली उतरताना त्याचा फार उपयोग. खिसे पाठीवर, कारण वाकून बसल्यावर पुढच्या खिशातलं सगळं रस्त्यावर सांडतं. चड्डी काळी, कारण चेनचं तेल आणि सीटचे डाग त्यात दिसत नाहीत. म्हणजे इथपर्यंत सगळी सोय आहे, मिरवणं कुठंच नाही.

मिरवण्याची गोष्ट सुरू होते ती वर्तमानपत्रांपासून. 'टूर द फ्रान्स' ही शर्यत १९०३ मध्ये 'लोटो' नावाच्या फ्रेंच क्रीडा दैनिकानं खप वाढवण्यासाठी सुरू केली. पहिलं महायुद्ध संपल्यावर १९१९ मध्ये ती पुन्हा भरली, तेव्हा सायकल कारखान्यांची अवस्था बिकट होती. अनेक कारखान्यांनी मिळून 'ला स्पोर्तिव्ह' हा एकच गट केला आणि बऱ्याच स्पर्धकांच्या अंगावर सारख्याच राखाडी जर्सी आल्या. रस्त्याकडेला उभ्या लोकांना पुढे कोण आहे तेच कळेना. म्हणून शर्यत चालू असताना, १९ जुलै १९१९ ला ग्रेनोबल गावी, आघाडीवर असलेल्या यूजेन क्रिस्तोफला पिवळी जर्सी दिली गेली. पिवळीच का, याची दोन कारणं सांगतात. एक म्हणजे 'लोटो'चा कागद पिवळा होता. दुसरं, तेवढ्या घाईत दुसऱ्या रंगाच्या पुरेशा जर्सी मिळाल्या नाहीत.

आणि क्रिस्तोफला काय वाटलं? तो वैतागला. रस्त्यावरचे लोक त्याला कॅनरी पक्षी म्हणून चिडवायचे. आज जिच्यासाठी लोक आयुष्य घालवतात, ती जर्सी पहिल्यांदा घालणाऱ्याला नकोशी झाली होती!

त्यानंतर रंगांची रांगच लागली. जगज्जेत्याची इंद्रधनुषी पट्ट्यांची जर्सी १९२७ ची. इटलीच्या शर्यतीत १९३१ पासून गुलाबी, कारण ती भरवणारं 'गझेत्ता देल्लो स्पोर्त' गुलाबी कागदावर छापलं जायचं. डोंगर चढण्यात पहिला येणाऱ्याला टूरमध्ये १९३३ पासून मान होता, पण त्याची लाल ठिपक्यांची जर्सी आली थेट १९७५ ला. आपल्याकडे मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट सगळ्यात आधी चढणारा 'घाटांचा राजा' होतो, तो याचाच भाऊ समजा.

छातीवर नावं कधी आली?

आधी छातीवर सायकल किंवा टायर बनवणाऱ्यांचीच नावं असायची. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात स्कूटर आल्या, सायकलींचा खप घसरला आणि कारखान्यांकडे संघ पोसायला पैसे उरेनात. तेव्हा १९५४ मध्ये इटलीच्या फिओरेन्झो माग्नीनं 'निव्हिया' या क्रीम बनवणाऱ्या कंपनीला गाठलं. सायकलशी काही संबंध नसलेलं नाव जर्सीवर आलं म्हणून बरीच आरडाओरड झाली. टूरमध्ये तर १९३० ते १९६१ कंपन्यांचे संघच नव्हते, देशांचे संघ खेळायचे. १९६२ ला कंपन्यांचे संघ परत आले.

तर सरांचा पगाराचा प्रश्न चेष्टेचा असला तरी इतिहासाला धरून आहे. टीमची जर्सी हा चालता-फिरता फलक आहे आणि प्रोफेशनल स्पर्धकाला तो फलक वाहायचे पैसे मिळतात. आपल्या भागातही खत-बियाण्यांच्या कंपन्यांचे टी-शर्ट आणि टोप्या घालून लोक शेतात दिसतात, पण ते त्यांना फुकट मिळालेले असतात. दादांनी तोच मान दोन हजार रुपये मोजून घेतला, एवढाच फरक.

न दिसण्यासाठी घातलेले कपडे

फ्रान्समध्ये स्पर्धक दिसावा म्हणून धडपड चालली होती, तर इंग्लंडमध्ये बरोबर उलटं. तिथे १८९० च्या दशकात सायकल संघटनेनंच रस्त्यावरच्या शर्यतींना मनाई केली. भीती अशी, की घोडागाडीवाले आणि पोलीस चिडले तर सरसकट सायकलवरच बंदी येईल. मग एफ. टी. बिडलेक आणि त्यांच्या सोबत्यांनी १८९५ मध्ये युक्ती काढली. सगळ्यांनी एकदम न सुटता एकेकानं सुटायचं आणि घड्याळाशी शर्यत लावायची. पहाटे निघायचं, मार्गाला सांकेतिक नावं द्यायची, आणि गळ्यापासून घोट्यापर्यंत काळे कपडे घालायचे, म्हणजे पाहणाऱ्याला ही शर्यत आहे असं वाटूच नये. हे सगळे हौशी लोक होते बरं का. हौशी सायकलवाल्यानं काय घालावं, याचा हा कडक नियम असा 'दिसू नका' म्हणणारा होता.

बायकांच्या बाबतीत तर विचारूच नका. १८९८ मध्ये लेडी हार्बर्टन या बाई सायकलवर बसता यावं म्हणून घोळदार झग्याऐवजी सैलसर विजार घालून इंग्लंडमधल्या एका हॉटेलात गेल्या. मालकिणीनं त्यांना कॉफीच्या खोलीत बसू दिलं नाही, दारूच्या गुत्त्याकडच्या खोलीत बसा म्हणाली. प्रकरण कोर्टात गेलं आणि निकाल १८९९ मध्ये मालकिणीच्या बाजूनं लागला.

हे वाचताना मला माझी पहिली राइड आठवली. फोमची पट्टी असलेली सायकलची चड्डी घालून निघाले, तर कोपऱ्यावर शेजारच्या काकूंनी थांबवलं, "कुठं निघालीस गं बाई असलं घालून?" तेव्हापासून मी वरून सैल कुर्ता घालते. चड्डी मात्र सोडली नाही. का, ते आता सांगते.

प्रोफेशनलांकडून काय घ्यायचं?

जर्सी म्हणजे दोन वस्तू आहेत, एक कापड आणि दुसरं त्यावरचं नाव. हे दोन्ही वेगळे केले की अर्धा वाद मिटतो.

आधी चड्डी. पूर्वी आत हरणासारख्या जनावराचं मऊ चामडं लावायचे, त्याला क्रीम चोळावं लागे. आता फोम असतो. लायक्राचा धागा १९५८ मध्ये ड्युपाँट कंपनीतल्या जोसेफ शिव्हर्स यांनी शोधला आणि पुढे सायकलच्या चड्डीत लोकरीची जागा त्यानं घेतली. याचा वेगाशी संबंध नाही. चार तास सीटवर बसणाऱ्या कुणाचीही कातडी सोलवटू नये यासाठी ती आहे, आणि आपण हळू जातो म्हणजे उलट जास्त वेळ बसतो.

मग घाम. तुम्ही पायडलवर १०० वॅट ताकद लावता तेव्हा शरीरात त्याच्या तिप्पट-चौपट उष्णता तयार होते. ३०० वॅट धरली तर ती घालवायला तासाला साधारण ४५० ग्रॅम घाम वाळावा लागतो. मे महिन्यात आपल्याकडे हवा कातडीपेक्षा तापलेली असते, त्यामुळे वाऱ्यानं अंग थंड होत नाही, उलट तापतं. घाम वाळणं हाच एक मार्ग उरतो. पॉलिस्टर घाम पसरवून लवकर वाळवतं. कापूस तो पिऊन जड होतो आणि काखेत, मांडीत घासतो. मी कापसावर काम करते तरी हे मान्य करते! पण आपल्या कोरड्या उन्हाळ्यात दहा किलोमीटर जायचं असेल, तर सुती सदऱ्यासारखं सुख नाही. त्यासाठी काहीही विकत घेऊ नका.

आणि अंगाला चिकटलेली जर्सी? हवा कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनानं वाढते. ४० च्या वेगाला जेवढी लागते, तिचा आठवा हिस्सा २० ला लागतो. आपण २० वाले. सैल बसली तरी चालेल.

आता खरा मुद्दा

दोन वर्षांपूर्वी माझ्याकडेही अशीच एक नक्कल जर्सी होती. गर्द निळी, जवळपास काळी. फार आवडायची. डिसेंबरमधली पहाट, पावणेसहा, हलकं धुकं. समोरून उसाचा ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या, आणि त्याला ओलांडायला बाहेर आलेली एक जीप. मी रस्ता सोडून खाली काळ्या मातीत उतरले, पडले. कोपर फुटलं, बाकी काही नाही. ट्रॅक्टरवाले काका थांबले, मला उठवलं आणि म्हणाले, "ताई, दिसलातच नाही की. अंधारात काळं."

काकांचं बरोबर होतं. प्रोफेशनल स्पर्धकाची जर्सी बंद रस्त्यासाठी बनते. पुढे-मागे मोटारसायकली, गाड्या, वर हेलिकॉप्टरमधला कॅमेरा. २०२६ च्या जानेवारीत पुण्याला 'पुणे ग्रँड टूर' झाली, तेव्हा शर्यतीपुरते रस्ते बंदच ठेवले होते. तिथे काळं घातलं काय आणि निळं घातलं काय. गल्लीतल्या क्रिकेटलाही हाच न्याय. तिथे जर्सी कोणतीही असो, अंगावर जीप येत नाही. आपण मात्र चालू रस्त्यावर असतो, आणि आपल्या जर्सीचा प्रेक्षक म्हणजे समोरून येणारा ड्रायव्हर.

हौशी लोकांची स्वतःची एक परंपरा आहे आणि तिला हे नीट कळलेलं आहे. पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस १८९१ मध्ये शर्यत म्हणून सुरू झाली, १९३१ पासून हौशी लोकही ती करू लागले. २००, ३००, ४००, ६०० किलोमीटरच्या ज्या ब्रेव्हे आपल्याकडे होतात त्या याच घराण्यातल्या. तिथे छातीवर कुणाचं नाव आहे हे कोणी विचारत नाही. पण रात्री परावर्तक जॅकेट नसेल तर रस्त्यावर उतरता येत नाही.

यात थोडं विज्ञान आहे. झगझगीत पिवळा-पोपटी फ्लुरोसंट रंग उन्हातले अतिनील किरण घेऊन चमकतो, त्यामुळे दिवसा उत्तम. रात्री हेडलाइटमध्ये त्याचा खास उपयोग नाही. तिथे परावर्तक पट्टी लागते, तिच्यातले काचेचे बारीक मणी प्रकाश आला त्याच दिशेला परत पाठवतात. पट्टी घोट्यांना आणि गुडघ्यांना लावली तर आणखी बरं. वरखाली होणारे ठिपके पाहून ड्रायव्हरला चटकन कळतं की हा माणूस आहे.

तर दादा, सर, माझा निकाल असा. कापड आणि शिलाई बिनधास्त घ्या, ती कुणाच्या बापाची नाही. कंपनीचं नाव चालेल, फक्त तुम्ही पैसे देऊन जाहिरात करताय हे लक्षात ठेवा. इंद्रधनुषी पट्टे मात्र मी घालणार नाही. ते जिंकून मिळतात, त्यात सरांचं बरोबर. आणि काहीही घालण्याआधी ती जर्सी पहाटे दोरीवर वाळत घाला, पन्नास पावलं मागं जा आणि दिसते का बघा. क्रिस्तोफला पिवळी जर्सी दिली त्यामागे हीच गरज होती.

दादांनी हा प्रयोग केला. जर्सी दिसली नाही. मग त्यांनी पाठीवरच्या तीन कंपन्यांवर परावर्तक पट्टी शिवून घेतली. सर म्हणाले, आता पगार कापतील.

आमच्या वाटेवर एक दूधवाले आजोबा भेटतात. पांढरं धोतर, पांढरा सदरा, कॅरिअरला दोन कॅन. धुक्यात आमच्या सगळ्यांच्या आधी तेच दिसतात. पुढच्या पोस्टमध्ये पांढऱ्या सुती कापडावर प्रकाश पडतो तेव्हा नेमकं काय होतं ते बघू. तोवर तुमची जर्सी दोरीवर टाकून बघा आणि काय दिसलं ते कळवा.