मेटालिका : जुने निष्ठावंत, नवे संगीत आणि यशाचा वाद

मेटालिका हा अमेरिकी रॉक बँड १९८१ मध्ये लॉस एंजेलिस येथे स्थापन झाला. गायक व गिटारवादक जेम्स हेटफिल्ड आणि मूळचा डेन्मार्कचा ड्रमवादक लार्स उलरिक हे त्याचे संस्थापक. अतिवेगवान लय, धारदार गिटार आणि कठोर आशय ही ओळख असलेल्या ‘थ्रॅश मेटल’ या प्रकाराच्या प्रमुख प्रवर्तकांत या बँडची गणना होते. चार दशकांच्या वाटचालीत त्याच्या ध्वनिमुद्रिका कोट्यवधींच्या संख्येने विकल्या गेल्या. तरीही त्याच्या इतिहासात एक प्रश्न सातत्याने उभा राहिलेला दिसतो : लोकप्रियता वाढली तेव्हा बँड प्रगल्भ झाला, की बाजाराला विकला गेला?

वादाचे मूळ

हा आरोप बँडच्या भरभराटीबरोबर सुरू झाला, असा समज आहे. वस्तुतः तो त्याहून जुना आहे. १९८३ च्या ‘किल एम ऑल’ या पहिल्या अल्बमने भूमिगत वर्तुळात निष्ठावंत श्रोते मिळवून दिले. हे श्रोते एकमेकांना टपालाने कॅसेट पाठवून नव्या संगीताचा प्रसार करीत. आकाशवाणी केंद्रांनी ज्याची दखल घेतली नाही, ते आपण शोधले, हा अभिमान त्यामागे होता. परंतु दुसऱ्याच वर्षी आलेल्या ‘राइड द लायटनिंग’मध्ये ‘फेड टू ब्लॅक’ हे संथ सुरुवातीचे, अकॉस्टिक गिटारवर उभारलेले गीत होते. त्यावरूनच काहींनी बँडला फितूर ठरविले. आज तेच गीत त्याच्या अभिजात रचनांत मोडते.

१९८६ चा ‘मास्टर ऑफ पपेट्स’ प्रसारमाध्यमांच्या फारशा आधाराविना यशस्वी झाला. त्याच वर्षी २७ सप्टेंबर रोजी स्वीडनमध्ये बसच्या अपघातात बासवादक क्लिफ बर्टन याचा मृत्यू झाला. अनेक जुन्या चाहत्यांच्या लेखी ‘खरी’ मेटालिका तेथेच संपली. बर्टनच्या जागी जेसन न्यूस्टेड आला. मात्र १९८८ च्या ‘अँड जस्टिस फॉर ऑल’मध्ये त्याचा बास जवळजवळ ऐकूच येत नाही, ही तक्रार आजही कायम आहे. याच अल्बममधील ‘वन’ या गीतासाठी बँडने १९८९ मध्ये पहिली चित्रफीत काढली. चित्रफितींपासून दूर राहणे ही तोवर त्याच्या स्वाभिमानाची खूण मानली जात असल्याने तोही नाराजीचा विषय झाला.

१९९१ : यशाचे वळण

१२ ऑगस्ट १९९१ रोजी बँडच्याच नावाचा पाचवा अल्बम प्रकाशित झाला. काळ्या मुखपृष्ठामुळे तो ‘ब्लॅक अल्बम’ म्हणून ओळखला जातो. निर्माता बॉब रॉक याच्या मार्गदर्शनाखाली सुमारे आठ महिने ध्वनिमुद्रण चालले. आधीच्या लांबलचक, गुंतागुंतीच्या रचनांऐवजी आटोपशीर गीते, मध्यम लय आणि भरदार ध्वनी यांवर भर देण्यात आला. ‘एंटर सँडमन’ जगभर वाजले. ‘नथिंग एल्स मॅटर्स’ या हळुवार गीताला वाद्यवृंदाची साथ मिळाली. अल्बम अमेरिकेत सलग चार आठवडे प्रथम क्रमांकावर राहिला आणि २०१४ पर्यंत तेथील विक्रीने १ कोटी ६० लाखांचा टप्पा ओलांडला.

चाहत्यांत येथे स्पष्ट फूट पडली. एका बाजूचे म्हणणे असे की, वेग आणि क्लिष्टता यांचा त्याग करून बँडने आपला आत्मा गमावला. दुसऱ्या बाजूच्या मते थोडक्यात आशय मांडणे हेही कौशल्यच आहे, आणि याच अल्बममुळे लाखो श्रोते जुन्या ध्वनिमुद्रिकांपर्यंत पोहोचले. दोन्ही युक्तिवादांत तथ्य आहे. रचना सोप्या झाल्या, हे खरे. परंतु आधीच्या अल्बममधील गुंतागुंत रंगमंचावर श्रोत्यांना आणि वादकांनाही थकविते, असा अनुभव बँडला आला होता. बदलामागे केवळ पैसा होता, असे म्हणणे म्हणूनच अपुरे ठरते.

केस, कायदा आणि कर्कश ड्रम

१९९६ च्या ‘लोड’च्या वेळी वादकांनी लांब केस कापले, छायाचित्रांत नवी वेशभूषा केली आणि संगीतात ब्लूज व दाक्षिणात्य अमेरिकी रॉकची छटा आणली. अल्बम प्रथम क्रमांकावर पोहोचला. पण चर्चा संगीताइतकीच केसांची झाली.

अधिक खोल जखम २००० साली झाली. अप्रकाशित गीत परस्पर पसरल्याचे लक्षात येताच बँडने ‘नॅपस्टर’ या संगीत-देवाणघेवाणीच्या सेवेवर खटला भरला आणि ३ लाख ३५ हजारांहून अधिक वापरकर्त्यांची यादी कंपनीकडे सोपविली. कॅसेटींच्या देवाणघेवाणीतून मोठा झालेला बँड आता चाहत्यांवरच बोट ठेवतो, ही भावना तीव्र होती. मात्र कलावंताच्या संमतीवाचून त्याची कृती वाटण्याचा अधिकार कोणाला, हा उलरिकचा प्रश्न पुढील काळात अनेक संगीतकारांनी उचलला.

२००३ च्या ‘सेंट अँगर’मध्ये गिटारचे एकल वादन नव्हते आणि ड्रमचा पत्र्यासारखा ध्वनी टीकेचे लक्ष्य ठरला. गंमत अशी की हा बँडच्या सर्वांत कमी ‘बाजारू’ अल्बमांपैकी एक होता. २००८ च्या ‘डेथ मॅग्नेटिक’मध्ये जुना बाज परतला, तेव्हा तक्रार ध्वनीच्या अतिरेकी मोठेपणाची होती; हजारो चाहत्यांनी फेरमिश्रणाची मागणी करणाऱ्या निवेदनावर सह्या केल्या. २०११ मध्ये लू रीड याच्यासह केलेला ‘लुलू’ हा प्रयोग तर बहुतेकांनी नाकारला. विक्रीचा मोह हेच एकमेव सूत्र असते, तर असा अल्बम निघालाच नसता.

भारतातील भेट आणि नवी पिढी

ऑक्टोबर २०११ मध्ये बँड प्रथमच भारतात आला. गुरगाव येथील कार्यक्रम ऐनवेळी रद्द झाला. ३० ऑक्टोबर रोजी बेंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर मात्र तो पार पडला. गोवा, बेळगाव व हैदराबाद येथील रसिकांसाठी हे शहर एका रात्रीच्या प्रवासावर होते.

१९९१ ते २०१६ या काळातील बँडचे सलग सहा स्टुडिओ अल्बम अमेरिकेत थेट प्रथम क्रमांकावर दाखल झाले. २०२३ चा ‘७२ सीझन्स’ दुसऱ्या क्रमांकावर राहिला. दरम्यान २०२२ मध्ये ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ या मालिकेत वापर झाल्याने ‘मास्टर ऑफ पपेट्स’ हे शीर्षकगीत ३६ वर्षांनी प्रथमच बिलबोर्डच्या ‘हॉट १००’ यादीत आले. मालिकेतून आलेले किशोरवयीन श्रोते ‘खरे’ चाहते नव्हेत, अशी कुरबुर तेव्हाही झाली. बँडने मात्र त्यांचे जाहीर स्वागत केले.

प्रत्येक पिढी आपण ज्या अल्बमपाशी बँडला भेटलो, तेथूनच त्याची उतरंड मोजते. कोणासाठी ती १९८४ पासून, कोणासाठी १९९१ पासून, तर कोणासाठी १९९६ पासून सुरू होते. विक्रीच्या आकड्यांनी हा वाद मिटत नाही, कारण त्याचा विषय विक्री नसून आपलेपणा आहे : एकेकाळी मोजक्यांचे असलेले संगीत सर्वांचे झाल्यावर त्या मोजक्यांना वाटणारी हुरहुर.