तालमीतली मेहनत

महाराष्ट्रात वाढत्या वयाच्या मुलांनी शरीर कमवायचे ते तालमीत. मध्ये तांबड्या मातीचा हौदा, भिंतीशी मारुती, कोपऱ्यात मुद्गल, करेल आणि गदा, एवढाच तिचा संसार. कुस्ती हे तिथले उद्दिष्ट असले तरी पोराला लढतीला उभे करण्याआधी महिनोन् महिने मेहनत करून घेतली जाई, आणि तालमीचे खरे शास्त्र त्या मेहनतीतच होते.

या शास्त्राची मुळे जुनी आहेत. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मल्लांचा सराव व आहार यांचे वर्णन आहे, मल्लस्तंभाचाही उल्लेख आहे. पुढे मल्लखांब मागे पडला. त्याला नवे रूप दिले ते दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी. निजामाच्या मुलखातून आलेल्या अली आणि गुलाब या पैलवानांचे आव्हान स्वीकारून बाळंभटदादांनी मल्लखांबावर तयारी केली, अशी कथा सांगतात. कथेचा भाग सोडला तरी मुलांसाठी हे साधन नेमके होते. त्यात पेलायचे ते फक्त स्वतःचे वजन, त्यामुळे पकड, खांदे, पोट आणि लवचिकपणा एकाच वेळी तयार होतात.

तालमीत आलेल्या नव्या पोराच्या हाती आधी फावडे येई. तेल, ताक, हळद घालून मऊ केलेली माती रोज खणणे, उलटीपालटी करणे यातच त्याच्या कंबरेला आणि पाठीला काम मिळे. मग जोर, बैठका, सपाटे. त्यांची संख्या हळूहळू वाढे. करेल आणि जड गदा त्यानंतरच्या. वजनाआधी शरीर आणि ताकदीआधी दम हा क्रम कुठे लिहिलेला नव्हता, तो वस्तादाच्या नजरेत होता. पोर किती दमले, उद्या किती वाढवायचे, हे तोच ठरवी. चांगला वस्ताद असेल तर ही पद्धत उत्तम चाले. नसेल तर आकड्याची चढाओढ सुरू होई, सगळ्यांना सारख्याच बैठका पडत आणि गुडघे कुरकुरत.

कोल्हापुरात या परंपरेला राजाश्रय मिळाला. 1902 मध्ये युरोपच्या दौऱ्यावर गेलेल्या शाहू महाराजांनी रोमचे प्राचीन क्रीडागृह पाहिले आणि त्याच धर्तीवर बांधलेले खासबाग मैदान 1912 मध्ये खुले झाले. गावोगावच्या पोरांना मोठ्या मैदानाचे स्वप्न पडू लागले.

याच काळात मेहनत तालमीबाहेर पडून संस्थांत आली. बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाम मंदिरात प्रा. माणिकरावांनी देशी व्यायामाला शिस्तबद्ध वर्गांचे रूप दिले. स्वामी कुवलयानंद हे त्यांचेच शिष्य, ज्यांनी 1924 मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम काढले. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 चे, पुण्याचे महाराष्ट्रीय मंडळ 1924 चे. बडोद्यातच द. चिं. मुजुमदारांनी दहा खंडांचा ‘व्यायाम ज्ञानकोश’ सिद्ध केला. वस्तादाच्या डोक्यातले बरेच ज्ञान त्यामुळे कागदावर आले. या मेहनतीच्या इतिहासात याहून मोठे काम क्वचितच झाले असेल.

तालमीच्या मर्यादा उघड केल्या त्या ऑलिंपिक कुस्तीच्या गादीने, म्हणजे मॅटने. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले आणि 1952 ला हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. मातीवरची कुस्ती लांबते, तिथे दम टिकवणारा जिंकतो. गादीवर वेळ मोजका, त्यामुळे झटका आणि चपळाई लागते. मग धावण्याचे छोटे वेगवान टप्पे आणि लोखंडी वजने तालमीतही शिरली.

कोवळ्या वयात वजन उचलले तर उंची खुंटते, ही समजूत मात्र अनेक वर्षे टिकली. आजचे क्रीडावैद्यक तसे मानत नाही. जाणत्याच्या देखरेखीखाली, हलक्या वजनापासून आणि योग्य ढबीने केलेला सराव मुलांना चालतो. धोका असतो तो चुकीच्या ढबीत आणि हव्यासाने घेतलेल्या भारात.

महाराष्ट्र केसरी कुस्ती स्पर्धेत आजही माती आणि गादी असे दोन विभाग असतात आणि दोन्हींचे विजेते शेवटच्या लढतीत समोरासमोर येतात.