चार दिवसांची संमती

आमच्या गोरेगावच्या आजोबांच्या गोष्टींत दोन 9 ऑगस्ट असायचे. 1942चा, 'छोडो भारत' चळवळीतला, गवालिया टँकवरचा, ते खड्या आवाजात सांगत. 1975चा सांगताना मात्र आवाज आपोआप खाली यायचा. शेजारच्या आत्याबाई हसायच्या, "अण्णा, आता कशाला दबकता? आणीबाणी कधीच उठली!"

त्या वर्षी 12 जूनला अलाहाबाद उच्च न्यायालयानं पंतप्रधान इंदिरा गांधींची निवडणूक रद्द ठरवली, 25 जूनच्या रात्री आणीबाणी आली. निवडणुकीच्या निकालावरच्या अपिलाची सर्वोच्च न्यायालयातली सुनावणी 11 ऑगस्टला होती. 7 ऑगस्टला लोकसभेत एकोणचाळिसावी घटनादुरुस्ती आली आणि त्याच दिवशी मंजूर झाली. पंतप्रधानांच्या निवडणुकीला यापुढे नेहमीच्या न्यायालयांत आव्हान नाही, आणि आधी लागलेला निकालही निष्प्रभ! 8ला राज्यसभा, 9ला शनिवारी दुरुस्तीला मान्यता देण्यासाठी राज्याराज्यांत विधिमंडळांची तातडीची अधिवेशनं, 10ला रविवारी राष्ट्रपतींची सही.

"आमच्या चाळीच्या नळाच्या अर्जाला याहून जास्त दिवस लागले," आत्याबाई म्हणायच्या. त्या पाण्यासाठी हंडे घेऊन मृणाल गोरेंच्या मोर्च्यात गेलेल्या. मृणालताई 1972 पासून आमदार. पण त्या ऑगस्टमध्ये सभागृहात बोलायला त्या नव्हत्या, भूमिगत होत्या. विरोधी पक्षांचे कितीतरी खासदार-आमदार तुरुंगात होते. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसलेला. आजोबा विचारत, "मग संमती दिली कुणी?"

हाच प्रश्न इंदिरा गांधींच्या निवडणुकीला आव्हान देणाऱ्या राज नारायण यांच्या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयात केला : सभासद कैदेत असताना झालेली मंजुरी ग्राह्य कशी? न्यायालयानं तो मुद्दा मानला नाही. 7 नोव्हेंबरला पंतप्रधानांची निवडणूक वाचवणारं उपकलम रद्द झालं खरं, पण त्यातल्या मजकुरामुळे. मंजुरी मिळवण्याच्या रीतीमुळे नव्हे. बदललेल्या निवडणूक कायद्याच्या आधारानं इंदिराबाईंची निवडही कायम राहिली. उरलेलं कलम 1978च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीनं काढून टाकलं.

रीतीचा प्रश्न मात्र तसाच राहिला. कलम 368 काही दुरुस्त्यांना किमान निम्म्या राज्यांची मान्यता मागतं. विचार करायला राज्यांना किती दिवस द्यावेत, हे सांगत नाही. तेव्हा कायद्याच्या हिशेबात ती मंजुरी बसली. लोकशाहीच्या हिशेबात ती संमती नव्हती, असं मी आजोबांच्या बाजूनं म्हणतो. यापुढे एखाद्या घटनादुरुस्तीला राज्यांनी मान्यता दिल्याचं वाचलंत, तर किती राज्यांनी एवढंच पाहू नका. किती दिवसांत आणि कुणाच्या गैरहजेरीत, हेही विचारा.