एका ध्वनिमुद्रणातील ऑर्गन आणि आपली पायपेटी

जॉन फोल्ड्स (१८८०-१९३९) हे नाव पाश्चात्त्य संगीताच्या अभ्यासकांनाही फारसे परिचित नाही. पहिल्या महायुद्धातील मृतांसाठी त्याने रचलेले ‘अ वर्ल्ड रिक्विएम’ १९२३ ते १९२६ अशी चार वर्षे लंडनमध्ये झाले आणि मग विस्मृतीत गेले. ११ नोव्हेंबर २००७ रोजी ते लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये पुन्हा सादर झाले. त्याचे ध्वनिमुद्रण २००८ मध्ये चँडोसने प्रकाशित केले. प्रचंड गायकवृंदाला ऑर्गनने दिलेला आधार त्यात ऐकू येतो.

मराठी वाचकाने त्याची दखल घ्यावी याचे कारण निराळे आहे. १९३५ साली भारतात आलेला फोल्ड्स पुढे ऑल इंडिया रेडिओच्या दिल्ली केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचा प्रमुख झाला. १९३८ मध्ये त्याने ‘हार्म-ऑम्नियम’ हा लेख लिहिला. शीर्षकातील श्लेषाचा अर्थ ‘सर्वांना अपाय’ असा. आरोपी अर्थात हार्मोनियम. १९३९ मध्ये कलकत्त्यास त्याचे निधन झाले आणि १ मार्च १९४० पासून रेडिओवर हार्मोनियमला बंदी आली. रवींद्रनाथांसारख्यांचाही या वाद्याला विरोध होताच. बंदी सैल होण्यास सत्तरचे दशक उजाडावे लागले.

हा निव्वळ साहेबी तुच्छतेचा प्रकार म्हणता येत नाही. फोल्ड्स स्वतः चेलोवादक होता. पाव स्वरांचा वापर त्याने तरुणपणीच केला होता. बारा ठरीव स्वरांच्या पेटीत श्रुती आणि मींड मावत नाहीत, हा आक्षेप शास्त्रशुद्ध आहे. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी तर त्याआधीच बावीस श्रुतींचा प्रश्न मांडला होता आणि त्यातून श्रुती-हार्मोनियमही घडली होती.

मात्र वाद्याची परीक्षा त्याच्या रचनेवरून करायची की त्याच्या कार्यावरून? मराठी रंगभूमीवरचा ऑर्गन म्हणजे चर्चमधल्या नळ्यांचा नव्हे, तर पायांनी भाता चालवायचा पत्त्यांचा ऑर्गन. पाय भात्यावर असल्याने दोन्ही हात स्वरपट्टीवर मोकळे राहतात आणि सूर अखंड भरून राहतो. ध्वनिक्षेपक नसलेल्या नाट्यगृहात नटाला हा आधार मोलाचा होता. ‘मानापमान’ला (१९११) चाली देणारे गोविंदराव टेंबे स्वतः नामवंत हार्मोनियमवादक होते. बालगंधर्वांच्या ध्वनिमुद्रिकांत तीन-सव्वातीन मिनिटांत गळा स्वरांच्या मधल्या जागांतून फिरतो आणि मागचा ऑर्गन स्थिर राहतो. ही स्थिरता आहे म्हणूनच ते फिरणे अधिक स्पष्ट जाणवते.

कणकवलीच्या परिसरात दशावतार पाहणाऱ्याला हे निराळे सांगावे लागत नाही. तेथे संवाद बहुधा उत्स्फूर्त असतात. नट कोणत्या शब्दावर थांबेल आणि पद कोठे उचलेल याचा अंदाज घेऊन पायपेटीवाल्याला सूर तयार ठेवावा लागतो. पखवाज आणि झांज यांच्या कल्लोळात सूर हरवू न देणे, हे त्या पेटीचे काम. मींड नटाच्या गळ्यात असते. ती पेटीत शोधणे व्यर्थ आहे.

फोल्ड्सच्या रिक्विएममधील ऑर्गनही ठरीव स्वरांचाच आहे. अर्ध्या-पाव स्वरांचा ध्यास असलेल्या या संगीतकाराला शेकडो कंठांखाली पाया घालताना ठरीव स्वरांचे वाद्य वर्ज्य वाटले नाही. स्वतःच्या रचनेत त्याने जे कार्य ओळखले, ते भारतीय पेटीच्या बाबतीत मात्र त्याच्या हिशेबात आले नाही. साहित्यप्रकाराची समीक्षा करतानाही हे भान हवे: एखाद्या रूपात काय मावत नाही याची यादी करण्याआधी, ते रूप कोणाला उभे राहण्यास जागा देते, हे पाहिले पाहिजे.