साठ पौंडांचे ओझे

'सफारी' हा शब्द आपल्या घरांत शिरला तो एका शिवलेल्या पोशाखावरून. लग्नसमारंभात वधूपित्याने तो घालावा, असा मध्यंतरी जणू दंडकच होता. शब्द मूळचा अरबी 'सफर'. फारसीच्या वाटेने तो मराठीत आला आणि समुद्रमार्गे पूर्व आफ्रिकेत जाऊन स्वाहिलीत 'सफारी' झाला. स्वाहिली बोलणाऱ्याच्या लेखी त्याचा अर्थ केवळ प्रवास. त्याला बंदूक आणि कातड्यांची रास चिकटली ती गोऱ्या शिकाऱ्यांमुळे. अशा एका सफारीची तयारी कशी होत असे, आणि तिच्यात कोणाच्या वाट्याला काय येई, हे आज आपण पाहू.

उदाहरण घेऊ ते सर्वांत गाजलेले. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांची मुदत ४ मार्च १९०९ रोजी संपली आणि तीन आठवडे होण्याच्या आतच, २३ मार्चला, ते आफ्रिकेच्या वाटेला लागले. तयारी मात्र आदल्या वर्षापासून चालली होती. जून १९०८ मध्ये त्यांनी वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या चिटणिसांना पत्र लिहून प्रस्ताव मांडला की, आपण व आपला मुलगा केर्मिट यांचा खर्च आपण सोसू. संस्थेने निसर्गशास्त्रज्ञ पाठवावेत. मारलेली जनावरे राष्ट्रीय संग्रहालयाची होतील. स्वतःच्या खर्चाची सोय एका प्रकाशनसंस्थेने केली. प्रवासलेखांबद्दल तिने ५०,००० डॉलर देऊ केले. शास्त्रज्ञांच्या खर्चासाठी वर्गणी जमली आणि पैसा कमी पडला तेव्हा पोलादसम्राट अँड्रू कार्नेगी यांनी हात सैल सोडला. पत्रव्यवहाराने सल्ला देणाऱ्यांत फ्रेडरिक सेलूससारखे नाणावलेले शिकारी होते.

आता सामानाकडे वळू. इंग्लंडमधील चाहत्यांनी दिलेली दुनळी भारी रायफल, शिवाय आणखी दोन. चष्म्यांचे जादा जोड, कारण साहेबांची दृष्टी अधू आणि एक डोळा मुष्टियुद्धात जवळजवळ गेलेला. डब्यातले पीच, टोमॅटो आणि बोस्टनच्या पद्धतीच्या शिजवलेल्या शेंगा. साठेक पुस्तकांचे एक छोटे ग्रंथालयही होते. त्यात बायबल होते, शेक्सपिअर होता, होमर होता. घाम, रक्त आणि बंदुकीचे तेल लागून साध्या बांधणीचा चिंधडा होईल म्हणून ही पुस्तके डुकराच्या कातड्यात बांधून घेतली होती. पेटीसकट त्यांचे वजन साठ पौंडांच्या आत ठेवले होते. हा आकडा सहज आलेला नाही. साठ पौंड, म्हणजे सुमारे सत्तावीस किलो, हे एका हमालाचे ओझे होते, आणि साऱ्या सफारीचे गणित या मापावर चाले.

ते गणित क्षणभर मांडून पाहू. कातडी टिकवण्यासाठी चार टन मीठ नेले होते. ते सारे एकदम डोक्यावर चढले नसेल, पण साठ पौंडांनी भागले तर एकशे तीस ते दीडशे माणसांची ओझी होतात. हमालाची रोजची शिधा म्हणजे 'पोशो', मक्याचे किंवा धान्याचे पीठ. ते दीड पौंडाच्या आसपास धरले, तर दोनशे माणसे दिवसाला तीनशे पौंड खाणार. म्हणजे रोज पाच ओझी. गावे नाहीत अशा मुलखातून दहा दिवस जायचे तर पन्नास जण नुसते पीठ वाहण्यासाठी हवेत, आणि त्या पन्नासांनाही भूक लागतेच. बैल किंवा घोडे जुंपून हा प्रश्न सुटत नसे, कारण त्सेत्से माशीच्या पट्ट्यात ही जनावरे जगत नाहीत. माणूस जगे. त्यामुळे वाहनाच्या जागी माणूस आला, आणि नैरोबीच्या न्यूलंड अँड टार्लटन या पेढीने अशी माणसे पुरवण्याचा व्यवसायच थाटला होता. रूझवेल्टांसाठी सुमारे दोनशे हमाल त्यांनीच जमवले.

खर्चाचा हिशेब आपल्या रुपयात होता, याचे वाचकांस नवल वाटेल. ब्रिटिश पूर्व आफ्रिकेत १९२० पर्यंत हिंदुस्थानी रुपया चाले. घोड्याची निगा राखणाऱ्याला तिकडेही सईसच म्हणत. रूझवेल्ट मोंबासाहून ज्या आगगाडीने आत गेले, इंजिनाच्या पुढच्या बाकावर बसून जनावरे पाहत गेले, ती १८९६ ते १९०१ या काळात बांधली होती हिंदुस्थानातून करारावर नेलेल्या सुमारे ३२,००० मजुरांनी. त्यांतले बहुतेक पंजाबचे. सुमारे २,५०० परतलेच नाहीत. गोव्याची माणसेही त्या काळी तेथे होती. सरकारी कचेऱ्यांतले कारकून, शिंपी, स्वयंपाकी असे त्यांचे व्यवसाय. बाहेरून येणाऱ्या शिकाऱ्याला परवाना पडे ५० पौंडांना, म्हणजे ७५० रुपयांना. हमालाचा पगार होता महिन्याला साधारण दहा रुपये. परवान्याच्या त्या एका कागदासाठी हमालाची सव्वासहा वर्षांची कमाई लागली असती. परवान्यात प्रत्येक जातीची किती जनावरे मारावीत याची मर्यादा असे. संग्रहालयाच्या कामाकरिता रूझवेल्टांना ती वाढवून मिळाली होती.

पाणघोड्याची शिकार दिसते सोपी, पण तिची तयारी किचकट. हा प्राणी दिवसभर पाण्यात बुडून असतो. वर दिसतात फक्त नाक, डोळे आणि कान. रात्री तो गवत खायला काठावर येतो. योबाच्या ग्रंथातील चाळिसाव्या अध्यायात लव्हाळ्यांत आणि कमळांच्या सावलीत पहुडणाऱ्या ज्या बलाढ्य 'बेहेमोथा'चे वर्णन आहे, तो म्हणजे पाणघोडाच, असे कित्येक भाष्यकार मानतात. नैवाशा सरोवराचे वर्णन वाचताना ते पटू लागते. पाण्यात गोळी वर्मी लागली तर जनावर दगडासारखे तळाला जाते आणि पोटात वायू धरल्यावर काही तासांनी वर तरंगते. तोवर शिकाऱ्याने थांबायचे. मग दोरखंड बांधून काठाशी आणायचे, ओढून काढायचे आणि सोलायचे. नराचे वजन दीड टनाच्या पुढे, कातडे काही ठिकाणी दोन इंच जाड. आतून तासून तासून ते पातळ करावे लागे, तेव्हा कुठे मीठ मुरे.

जुलै १९०९ मध्ये नैवाशावर वल्ह्यांच्या नावेतून रूझवेल्ट या शिकारीला निघाले. पाणघोडा जबडा वासून सरळ नावेवर चालून आला. साहेबांनी गोळी झाडली आणि चिरंजीव मागे छायाचित्रे घेत होते, हा प्रसंग त्यांच्या प्रवासवर्णनात आहे. तो चांगला लिहिला आहे, यात वाद नाही. सफारी मार्च १९१० मध्ये खार्टूमला संपली, तोवर बापलेकांनी मिळून ५१२ जनावरे मारली होती, आणि शास्त्रज्ञांनी गोळा केलेले लहानमोठे धरून नमुन्यांची संख्या ११,००० वर गेली होती. त्याच ग्रंथात जुमा योहारी आणि कासितुरा या केर्मिटच्या बंदूकवाहकांची नावे आहेत. हमालांविषयी रूझवेल्टांनी लिहिले आहे ते आपुलकीने, पण थोराने पोराविषयी लिहावे तसे. मीठ आणि ग्रंथपेटी ज्यांच्या डोक्यावर होती ते प्रौढ पुरुष होते, आणि अनेकांची बायकामुले गावी वाट पाहत होती.

येथे स्वाहिलीतला एक शब्द आम्हांस थांबवतो. पाणघोड्याला त्या भाषेत 'किबोको' म्हणतात, आणि त्याच्या कातड्याच्या चाबकालाही 'किबोको'च. वाळवून पीळ दिलेली ती वादी लाकडासारखी ताठ आणि धारदार होई. जर्मन पूर्व आफ्रिकेत ती सरकारी शिक्षेचे साधन होती. बेल्जियमचा राजा लिओपोल्ड याच्या काँगोत १८८५ ते १९०८ या काळात 'शिकोत' या नावाने तिने काय केले, ते जगजाहीर आहे. नैरोबीतही, रूझवेल्ट येण्याच्या दोनच वर्षे आधी, मार्च १९०७ मध्ये, युअर्ट ग्रोगन या पुढारी वसाहतवाल्याने तीन किकुयू रिक्षावाल्यांना न्यायालयासमोर भर रस्त्यात फटके मारले होते. बायका बसलेली रिक्षा त्यांनी नीट ओढली नाही, हा आरोप. म्हणजे ज्याने पाणघोड्याचे कातडे पाठीवरून वाहिले, त्याच्याच पाठीवर ते पुन्हा दुसऱ्या रूपाने येण्याचा संभव होता. रूझवेल्टांच्या तळावर असे घडले, असे आमचे म्हणणे नाही. व्यवस्था मात्र ही होती.

आपल्या मिशनऱ्यांनीही हीच वाट तुडवली. व्हाइट फादर्स संघाची पहिली तुकडी १८७८ मध्ये बागामोयोहून युगांडाकडे निघाली ती हमालांच्या काफिल्यासहच, आणि फेब्रुवारी १८७९ मध्ये फादर लूर्देल एन्टेबीला पोहोचले. युगांडातील श्रद्धेची कथा तेथून सुरू होते. वेदीचे साहित्य त्या वाटेवर कोणी वाहिले, हेही त्या कथेतच मोजायला हवे.

केनियाने १९७७ मध्ये शिकारीवर बंदी घातली. नैवाशावर आज पाणघोडे पाहायला प्रवासी नावेत बसतात. टांझानिया, झांबिया आदी देशांत पैसे भरून त्याची शिकार अजूनही ठरवता येते. काँगोतील विरुंगा उद्यानात १९७० च्या दशकात जवळजवळ २९,००० पाणघोडे होते. युद्धे, मांस आणि सुळ्यांचा व्यापार यांनी २००५ पर्यंत ती संख्या हजाराच्या खाली आणली.

आणि ते हमाल? १९१४ साली महायुद्ध पेटले तेव्हा सफारीचेच माप लष्कराने उचलले. पूर्व आफ्रिकेच्या मोहिमेत लाखो माणसे ओझी वाहण्यास धरून नेली गेली आणि हजारो मेली, गोळीपेक्षा हगवणीने, तापाने आणि उपासमारीने अधिक. त्या हमालदलाच्या, म्हणजे 'कॅरियर कोअर'च्या, नावावरून नैरोबीतील एका वस्तीला कारिओकोर आणि दार-एस-सलाममधील एका बाजारपेठेला कारियाकू म्हणतात. नैरोबीच्या मध्यवस्तीत १९२८ चे एक स्मारक आहे, काशाच्या तीन पुतळ्यांचे. त्यांतले दोघे सैनिक आहेत. तिसऱ्याच्या हाती बंदूक नाही. तो हमाल आहे, आणि त्याचे नाव तेथे लिहिलेले नाही.