श्रद्धा आणि स्वयंपाकघर : टिळक दांपत्याच्या ख्रिस्ती आचरणाचा सामाजिक-ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

महाराष्ट्रातील ख्रिस्ती धर्माचा इतिहास बहुधा मिशनांच्या स्थापनेचा, शाळा-दवाखान्यांचा आणि धर्मांतरितांच्या संख्येचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. धर्म स्वीकारल्यानंतर घरात काय बदलले, पाणी कोणाच्या हातचे प्यायले जाऊ लागले, पाहुण्याचे ताट कोठे मांडले गेले, या प्रश्नांकडे त्या मानाने कमी लक्ष गेले. वास्तविक श्रद्धेची खरी कसोटी अशा रोजच्या व्यवहारातच लागत असते. प्रस्तुत लेखात रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) आणि लक्ष्मीबाई टिळक (१८६८-१९३६) यांच्या जीवनाच्या आधारे ख्रिस्ती श्रद्धेच्या दैनंदिन आचरणाचा विचार केला आहे, तसेच या घराचा खानदेशाशी असलेला संबंधही तपासला आहे.

भांडे आणि विटाळ : सामाजिक पार्श्वभूमी

धुळ्याच्या उत्तरेस मुंबई-आग्रा मार्गावर असलेले सोनगीर हे गाव किल्ल्यासाठी आणि तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे. अशा गावांत घडलेली भांडी ज्या समाजात वापरली जात, त्या समाजात भांडे ही केवळ वापराची वस्तू नव्हती. धातूचे भांडे विटाळले तर ते चिंचेने वा राखेने घासून शुद्ध करता येई. मातीचे मडके मात्र टाकून द्यावे लागे. माणसाच्या स्पर्शाने झालेल्या विटाळावर मात्र असा सोपा उपाय नव्हता. काही माणसांना पाणी नेहमी वरूनच ओतले जाई, आणि त्यांची ओंजळ हेच त्यांचे भांडे असे.

अशा समाजात ख्रिस्ती होणे म्हणजे केवळ नवे मत मान्य करणे नव्हते. प्रभुभोजनाच्या विधीत सर्वांनी एकत्र सहभागी व्हावयाचे असल्याने पंक्तिभेद राखून ख्रिस्ती होणे तत्त्वतः अशक्य होते. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ पासून सुरू होते. तेथील ख्रिस्ती मंडळीत महार व मांग समाजांतून आलेल्यांची संख्या मोठी होती. त्यामुळे उच्चवर्णीय धर्मांतरितापुढे पहिला प्रश्न देवाविषयी नसून शेजारी बसणाऱ्या माणसाविषयी असे.

टिळकांचा धर्मप्रवेश आणि कुटुंबाची फाळणी

नारायण वामन टिळक यांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. १८९३ मध्ये राजनांदगावकडे जात असता रेल्वेच्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली. त्यातील डोंगरावरील प्रवचनाने ते विशेष प्रभावित झाले. हे प्रवचन धर्मसिद्धांतांपेक्षा आचरणावर भर देणारे आहे. शत्रूवर प्रेम, गुप्त दान, उद्याच्या चिंतेचा त्याग हे त्याचे विषय आहेत. टिळकांच्या पुढील जीवनाची दिशा या पहिल्या आकर्षणातूनच स्पष्ट होते.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्याचा पहिला आघात कुटुंबावर झाला. पतीच्या धर्मांतराने लक्ष्मीबाई एकाकी पडल्या आणि काही काळ त्यांना नातेवाइकांच्या आश्रयाने राहावे लागले. प्रेमाचा धर्म स्वीकारणाऱ्या पुरुषाच्या निर्णयाची किंमत प्रथम त्याच्या पत्नीने मोजली, ही गोष्ट या इतिहासात नजरेआड करता येत नाही.

आधी आचार, मग दीक्षा

लक्ष्मीबाईंचे माहेर गोखल्यांचे. त्यांचे वडील इतके सोवळे पाळीत की बाजारातून आणलेले मीठसुद्धा धुऊन घेतले जाई. या सोवळ्याचा जाच घरातील स्त्रियांना किती सोसावा लागला, हे लक्ष्मीबाईंनी आपल्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात विनोदाच्या अंगाने, परंतु स्पष्टपणे सांगितले आहे. अशा घरात वाढलेल्या स्त्रीला पतीकडे परतल्यावरही आपले जेवणखाण वेगळे ठेवावेसे वाटले, हे स्वाभाविक होते.

त्यांच्या परिवर्तनाचा क्रम मात्र लक्षणीय आहे. १९०० साली राहुरी येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण जातिभेद माणसाने निर्माण केला आहे, या निष्कर्षाला त्या त्यापूर्वीच पोहोचल्या होत्या. सर्वांच्या हातचे खाण्याचा त्यांचा निश्चय ख्रिस्तावरील श्रद्धेचा परिणाम नसून त्या श्रद्धेकडे नेणारी पायरी ठरला. त्यांच्या बाबतीत हात आधी बदलले आणि मग मत बदलले. मन निश्चय करते, तरी शरीर जुन्या सवयी सहजासहजी सोडत नाही, याची प्रामाणिक नोंद त्यांच्या लेखनात आढळते. म्हणूनच ‘स्मृतिचित्रे’ हा ग्रंथ धर्मांतराच्या इतिहासाचे महत्त्वाचे साधन ठरतो.

याच काळातील पंडिता रमाबाईंचे उदाहरण तुलनेसाठी उपयुक्त आहे. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतल्यानंतरही त्यांनी शाकाहार सोडला नाही, आणि तेथील धर्मभगिनींना ते रुचले नाही. ख्रिस्ती होणे म्हणजे युरोपीय होणे नव्हे, असा रमाबाईंचा आग्रह होता. एकीने सोवळे टाकले, तर दुसरीने आपला आहार राखला. वरवर विरुद्ध दिसणाऱ्या या दोन्ही कृतींत आचरणाचा निर्णय स्वतःच्या विवेकाने करण्याचा हक्क समान आहे.

घर हेच कार्यक्षेत्र

१९०४ मध्ये टिळकांना धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली. कीर्तन, अभंग आणि भजन या मराठी मनाला परिचित मार्गांनी त्यांनी ख्रिस्ती भक्ती मांडली. लक्ष्मीबाईही कीर्तने करीत. तथापि त्यांच्या धर्माचे मुख्य क्षेत्र घर हेच होते. अनाथ व निराधार मुले या घरात वाढली. दारी आलेल्यास जे हाताशी असेल ते देऊन टाकण्याचा टिळकांचा स्वभाव होता. उद्याची चिंता न करण्याचा उपदेश ते अक्षरशः पाळीत. परंतु उद्याच्या पिठामिठाची चिंता लक्ष्मीबाईंना करावी लागे. दैनंदिन धर्माचरणाचे श्रेय पुरुषाला आणि श्रम स्त्रीला, ही जुनी विभागणी या घरातही पूर्णतः संपली नव्हती.

खानदेशातील पाहुणा

१९०७ मध्ये जळगाव येथे महाराष्ट्र कविसंमेलन भरले. डॉ. का. र. कीर्तिकर अध्यक्षस्थानी होते. तेथे धरणगावच्या त्र्यंबक बापूजी ठोमरे या तरुणाला ‘बालकवी’ ही पदवी मिळाली. संमेलनास उपस्थित असलेल्या टिळकांनी या तरुणाचे गुण ओळखले आणि पुढे काही काळ ठोमरे नगरला टिळकांच्या घरी राहिले. लक्ष्मीबाईंनी त्यांना पोटच्या मुलासारखा जीव लावला.

येथे एक बाब ध्यानात घेतली पाहिजे. टिळक हे धर्मोपदेशक होते आणि धर्मप्रसार हे त्यांचे जीवितकार्य होते. तरीही त्यांच्या छत्राखाली राहिलेला हा ब्राह्मण तरुण ख्रिस्ती झाला नाही, आणि त्यामुळे त्याच्यावरील माया उणावली नाही. मे १९१८ मध्ये जळगावजवळील भादली येथे रेल्वेच्या अपघातात बालकवींचा मृत्यू झाला. लक्ष्मीबाईंच्या आठवणींत ते घरातील माणूस म्हणूनच वावरतात. त्या काळात खानदेशात मिशनांचे काम चालू होते व त्याची मोजणी मंडळ्या आणि सभासद यांत होत असे. बालकवींचे नाव अशा कोणत्याही मोजणीत येणार नाही; तथापि श्रद्धेच्या आचरणाचा पुरावा म्हणून त्याचे मोल मोठे आहे.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनची चाकरी सोडली आणि सातारा येथे ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात यावेत, ही त्यामागील कल्पना होती. घरात जे आधीच घडले होते, त्याला संस्थेचे रूप देण्याचा हा प्रयत्न होता. ९ मे १९१९ रोजी टिळकांचे निधन झाल्याने तो पुढे वाढला नाही. त्यांनी अपूर्ण ठेवलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पूर्णत्वास नेले.

निष्कर्ष

१. धर्मांतर ही एका दिवसाची घटना नसून जेवण, पाणी, पैसा आणि आतिथ्य यांतून घडणारी दीर्घ प्रक्रिया आहे. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत आचारातील बदल बाप्तिस्म्याच्या आधी झाला.

२. परक्या धर्माचे देशीकरण केवळ अभंग-कीर्तनांनी होत नाही. त्या समाजातील नेमक्या अन्यायाला तो घरात कसे उत्तर देतो, यावर ते अवलंबून असते. महाराष्ट्रात तो अन्याय पाण्याच्या भांड्याशी जोडलेला होता.

३. या आचरणाचा भार प्रामुख्याने स्त्रियांनी वाहिला. ‘स्मृतिचित्रे’ नसते, तर टिळकांची कविता उरली असती, पण ज्या घराने तो धर्म रोज पाळला त्या घराचा इतिहास उरला नसता.

४. स्थानिक ख्रिस्ती इतिहासाच्या अभ्यासकांनी मिशनांच्या अहवालांबरोबरच आत्मचरित्रे, पत्रे व कौटुंबिक आठवणी यांचाही साधन म्हणून विचार केला पाहिजे. अहवालांतून धर्म कोणी स्वीकारला ते कळते. तो कसा जगला गेला, हे या साधनांतूनच कळू शकते.