ली थिए : मैदानापासून तुरुंगापर्यंत

१/६
१९९३. चीनने निवडक किशोर फुटबॉलपटूंचा एक संघ प्रशिक्षणासाठी ब्राझीलला पाठवला. खर्च उचलला ज्यानलिबाओ या शीतपेय कंपनीने. त्या संघात शेनयांगचा सोळा वर्षांचा एक मध्यरक्षक होता : ली थिए.

२/६
२००२ साली चीन प्रथमच विश्वचषक खेळला. तिन्ही सामने हरला. एकही गोल करता आला नाही. तरीही त्याच वर्षी ली थिएसाठी इंग्लंडचे दार उघडले. एव्हर्टन क्लबची प्रायोजक होती केजियान ही चिनी मोबाइल कंपनी. त्या करारातूनच तो तेथे पोहोचला.

३/६
असा खेळाडू बाकावरच बसून राहील, असे कुणालाही वाटले असते. परंतु प्रशिक्षक डेव्हिड मॉइस यांनी पहिल्याच हंगामात त्याला लीगचे २९ सामने खेळवले. १ जानेवारी २००३ रोजी मँचेस्टर सिटीचा सुन जिहाई त्याच्यासमोर उभा ठाकला, तेव्हा कोट्यवधी चिनी प्रेक्षक दूरचित्रवाणीसमोर बसले होते.

४/६
पुढे पायाच्या गंभीर दुखापतीने ही वाट खुंटली. मायदेशी परतल्यावर तो प्रशिक्षक झाला. जानेवारी २०२० मध्ये थेट राष्ट्रीय संघाचा.

५/६
हे पद लाच देऊन मिळवल्याची कबुली त्याने जानेवारी २०२४ मध्ये सरकारी दूरचित्रवाणीवर दिली. क्लबचा प्रशिक्षक असताना सामन्यांचे निकाल आधीच ठरवल्याचीही. १३ डिसेंबर २०२४ रोजी न्यायालयाने त्याला २० वर्षांचा कारावास ठोठावला.

६/६
ब्राझील आणि इंग्लंड, दोन्ही वेळी पैशाने केवळ दार उघडले होते. आतली जागा त्याने खेळून मिळवली. तिसऱ्या वेळी त्याने जागाच विकत घेतली.